ट्वायलाच्या खिशातले आणि माझ्या खिशातले

मी, नेडीन ओपल थ्रॅशर, वय त्र्याहत्तर, धंदा बायकांचे केस कापणे, रंगवणे व धुणे, राहणार सॉरेल फ्लॅट, टेक्सास, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांच्या मते माझे स्वादुपिंड कामातून गेले आहे. डोके शाबूत आहे. हे लिहिण्यास मला कोणी भरीस घातलेले नाही. भरीस घालण्याइतके जवळ माझ्या कोणी येत नाही. वकील प्रुएट यांनी छापील मसुदा आणून दिला होता. तो फार सभ्य होता, म्हणून परत केला. यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे आजपासून रद्द समजावीत.

माझे पती ऑर्व्हल तेलविहिरीवर कामाला होते. ते वारले, आणि त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही, कारण ते घरी फारसे नसत. मला एकच मुलगी, ट्वायला. तिचा नवरा गारलंड पोग याने तिचा खून केला. कोर्टाने त्याला निर्दोष सोडले असल्यामुळे 'खून' हा शब्द लिहू नये असे प्रुएट यांचे म्हणणे आहे. मी लिहिला आहे. गारलंडने खुशाल माझ्यावर दावा लावावा, मी त्या वेळी राख असेन.

कलम पहिले. माझे राहते घर, मागची शेड, बँकेत असेल ती शिल्लक आणि माझी हिरवी मोटार माझी पुतणी... चुकले, भाची लव्हॉन्डा हिला द्यावी. ती माझा सख्खा भाऊ व्हर्जिल याची मुलगी. भाची भावाची, पण बापाशी बोलत नाही, एवढ्यावरच ती या घराला पात्र आहे. मोटारीसोबत एक अट आहे, ती पुढे येईल.

कलम दुसरे. माझ्या कात्र्या, वस्तरे, यंत्रे आणि फिरती खुर्चीही लव्हॉन्डालाच. ती कुत्र्यांचे केस कापते. चांगल्या कात्र्या कुत्र्यांवर वाया जातील असे लोक म्हणतील. या गावातल्या बायकांची डोकी मी चाळीसएक वर्षे भादरली आहेत, तेव्हा माझे मत ग्राह्य धरावे: कुत्री बरी. ती कोर्टात साक्ष द्यायला जात नाहीत.

कलम तिसरे. केस धुवायचे चिनी मातीचे भांडे ब्रदर लाइल यांच्या चर्चला. ट्वायलाच्या दफनाला उभे राहून ते म्हणाले, "क्षमा करा, नेडीन. क्षमेनं तुम्हालाच हलकं वाटेल." मी विचारले, "गारलंड काल तुमच्याकडे जेवायला होता ना? काय केलं होतं?" ते म्हणाले, "तो प्रश्न नाही." मक्याचा पाव आणि भाजलेली डुकराची मांडी होती, हे त्यांच्या बायकोने मला पुढे केस कापायला माझ्या खुर्चीत बसून सांगितले. भांड्याला गरम-गार दोन्ही नळ आहेत. हात धुवायला सोयीचे.

कलम चौथे. कोर्टाने मला परत केलेले ट्वायलाचे छोटे पिस्तूल माझा भाऊ व्हर्जिल याला द्यावे. ते पुराव्याच्या पाकिटातून काढून पुसू नये. त्यात जे अडकले आहे ते तसेच राहू द्यावे. का, ते लिहिते.

गारलंडने तिसऱ्यांदा हात उचलल्यावर ट्वायला त्याचे घर सोडून माझ्याकडे आली. तिचा डावा कान त्या दिवसापासून नीट ऐकत नव्हता. ती म्हणाली, "मम्मा, मला एक पिस्तूल घ्यायचंय. खिशात मावेल असं. तो कुठंही गाठतो." मी म्हटले, चल. परवाना तिच्याकडे होताच. पण व्हर्जिलने नाक खुपसले. "बायकांनी बंदूक घ्यायची म्हणजे डोळे मिटून नवरा निवडण्यासारखं," तो म्हणाला. "मी येतो."

आम्ही डब हार्गिसच्या दुकानात गेलो. डबने काचेवर निळा फडका पसरला आणि त्यावर एक पिस्तूल ठेवले. माझ्या घडीच्या वस्तऱ्यापेक्षा थोडे मोठे.

"हे बघा. पिसासारखं हलकं," डब म्हणाला. "पोरीच्या हाताला शोभून दिसेल. गुलाबी मुठीचंही आहे."

"शोभायला काय, ती लग्नाला चाललीय?" मी विचारले.

व्हर्जिल हसला. "लग्नातून परत चाललीय."

दोघे पुरुष त्यावर बराच वेळ हसले. ट्वायलाही हसली, कारण तिला सवय होती.

दुकानामागे नेमबाजीची जागा होती. तिथे तिने ते चालवून पाहिले. पिस्तूल जितके हलके तितका धक्का हाताला जास्त. हे समजायला बंदूकवाला व्हावे लागत नाही. अंगठा आणि बोट यांच्यामधली कातडी सोलली. मूठ इतकी आखूड की करंगळीला धरायला जागाच नाही. दुसऱ्या गोळीनंतर तिने ते खाली ठेवले आणि तळहात तोंडात धरला. मी म्हटले, ते पलीकडचे दाखवा, आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर. ते जड होते, त्याचा घोडा आत झाकलेला होता, खिशातून काढताना कापडात अडकला नसता. ट्वायलाने ते हातात घेतले. तिचा हात त्याच्याभोवती नीट बसला. ती म्हणाली, "हे बरंय, मामा."

"जीन्सच्या खिशात वीट ठेवल्यासारखं दिसेल," व्हर्जिल म्हणाला. "गारलंडला लांबून दिसेल. आणि तू काय युद्धावर चाललीस? ते लहान घे. नुसतं दाखवलंस तरी तो पळेल. मी ओळखतो त्याला."

"मी ज्याच्याशी झोपले त्याला मी ओळखत नाही, आणि तू ओळखतोस?" ट्वायला म्हणाली.

"नेडीन, पोरीला आवर."

मी म्हटले, "तिला रिव्हॉल्व्हर दे, डब. निदान खिशात ठेवायचं चामडी म्यान तरी दे, म्हणजे चाप झाकलेला राहील आणि ते खिशात उलटंपालटं होणार नाही."

"म्यान म्हणजे फुकटचा खर्च," व्हर्जिल म्हणाला. "तू केस काप, नेडीन."

ट्वायलाने लहान घेतले. ते तिने पुन्हा कधी चालवले नाही, हात दुखायचा. म्यानाशिवाय खिशात टाकून फिरायची. त्याच खिशात किल्ल्या, त्याच खिशात च्युइंगमचे कागद.

थंडी पडू लागली तेव्हा ती आपला कोट आणायला गारलंडच्या घरी गेली. भर दुपार होती. तो आपल्या पिकअपमध्ये बसला होता, हरणांची रायफल मांडीशी. काहीतरी बोलाचाली झाली. रस्त्यापलीकडच्या शेजारणीने पाहिले ते एवढेच की ट्वायला खिशात हात घालून ओढते आहे, ओढते आहे, आणि हात काही बाहेर येत नाही. मग गारलंडने तिला गोळी घातली. शेरीफच्या माणसांना पिस्तूल अर्धे खिशात सापडले. तिच्या बोटात चाप नव्हता. किल्ल्यांची कडी होती, आणि तीच कडी पिस्तुलाच्या चापाभोवती अडकली होती.

खटल्यात गारलंडच्या वकिलाने ते पिस्तूल ज्युरीपुढे धरले आणि विचारले, स्वसंरक्षण आणखी कशाला म्हणतात? मग साक्षीला माझ्या भावाला बोलावले. पिस्तूल गारलंडसाठीच घेतले होते का, एवढेच त्याला विचारले. तो "हो" म्हणून थांबू शकला असता. पण गारलंड आणि तो दर वसंतात एकाच बोटीतून मासे धरायला जात. तो म्हणाला, "हो. आणि आमची ट्वायला लहानपणापासून जरा तापट. त्याला भीती वाटली असणार. मलाही वाटली असती."

ज्युरी जेवणाआधी परत आली. मला वाटते त्यांना भूक लागली होती.

म्हणून, व्हर्जिल, ते तुला. तू निवडलेस. कडी अजून त्यातच आहे. तुझ्या खिशात बरोबर मावेल, लांबून दिसणार नाही.

कलम पाचवे. माझे स्वतःचे पिस्तूल, म्यानासह, लव्हॉन्डाला.

हे मी डबकडून घेतले नाही. ॲबिलीन शहरात जाऊन घेतले. तिथल्या तरुणाने विचारले, "कशासाठी हवंय, मावशी? घरात ठेवायला की बरोबर न्यायला?" मी म्हटले, "बरोबर न्यायला. आयुष्यभर." केस कापताना घालते तो झगा मी सोबत नेला होता. त्याच्या खिशात एकेक घालून मी आरशापुढे उभी राहिले, बसले, वाकले, पर्समधून सुटे पैसे काढल्यासारखे केले. फार हलके नको, फार जड नको. करंगळी मुठीवर टेकली पाहिजे. संधिवाताच्या बोटाने चाप पूर्ण ओढता आला पाहिजे. खिशाबाहेर येताना कशातही अडकता कामा नये. त्या तरुणाने शेवटी खुर्ची आणून दिली. मला झाकलेल्या घोड्याचे आखूड रिव्हॉल्व्हर पटले. ट्वायलाला आवडले होते तसेच.

"उत्तम," तो म्हणाला. "कुणाला पत्ता लागणार नाही."

"एकाला लागायला हवा," मी म्हटले.

दर महिन्याला मी माळावर जाऊन सराव केला. आणि रोज सकाळी मार्व्हेलच्या खानावळीत, गारलंड पोग न्याहारीला बसे त्याच्या समोरच्या टेबलावर मी बसू लागले. अंडी, टोस्ट, काळी कॉफी. डाव्या हाताने खायचे. उजवा हात खिशात. मी त्याला एकदाही काही बोलले नाही. नुसती पाहत असे.

आधी तो हसला. मित्रांना म्हणाला, "म्हातारी माझ्या प्रेमात पडलीय." मग त्याने टेबल बदलले. मीही बदलले. तो पेट्रोलपंपावरच्या कॅफेत जाऊ लागला. तिथली अंडी वाईट असत, पण मी खाल्ली. गुरांच्या लिलावात गेले, फुटबॉलच्या सामन्यांना गेले, चर्चमध्ये त्याच्या मागच्या बाकावर बसले. त्याने शेरीफच्या डेप्युटीला बोलावले. माझ्यासमोरच बोलणे झाले.

"ती तुला काही म्हणाली?" डेप्युटीने विचारले.

"नाही."

"पिस्तूल दाखवलं?"

"नाही. पण आहे तिच्याकडे. त्या खिशात."

"अरे, या खोलीत निम्म्या लोकांच्या खिशात आहे," डेप्युटी म्हणाला. "परवाना आहे ना, काकू?"

मी डाव्या हाताने परवाना दाखवला.

गारलंडने तक्रारी केल्या, कोर्टात अर्जही केला. न्यायाधीशांनी विचारले, या बाईने नेमके काय केले? तो म्हणाला, न्याहारी केली. लोक हसले. माझ्या आयुष्यात त्या इमारतीतले तेवढेच हसणे मला गोड वाटले.

त्याने दुसरे लग्न केले होते. ती बायको माझ्याकडेच केस रंगवायला येई. "तो झोपेत ओरडतो," तिने सांगितले. "खिडक्यांना ब्लँकेटं लावलीत." मी तिचे केस छान तांबूस करून दिले. हिवाळ्याच्या आत ती निघून गेली. त्याने गुरे विकली. शेवटी तो मार्व्हेलकडेच परत आला. कॉफी सांडत असे, म्हणून ती त्याला कप अर्धाच भरून देई.

एके सकाळी खानावळीत, सगळ्यांसमोर, तो माझ्या टेबलाशी येऊन गुडघ्यांवर बसला. लग्न झाल्यापासून त्याने मला कधी हाक मारली नव्हती तशी मारली.

"आई," तो म्हणाला, "काय ते एकदाच करून टाका. रोज रोज नका."

त्याच्या टोपीखालचे केस पांढरे झाले होते, आणि वाईट कापलेले होते. कोर्टात त्यानेच सिद्ध केले होते की माणसाला भीती वाटणे पुरेसे असते. तो उठून एक पाऊल पुढे आला असता तर मलाही भीती वाटली असती. मला कोणीही दोष दिला नसता. तो आला नाही. रडत बसला.

मी म्हटले, "ऊठ, गारलंड. माझी अंडी गार होतायत."

मी त्याला गोळी घालणार होते की नाही, हे इथे लिहिणार नाही. ते त्याला कळलेले नाही. तर इतरांना कळायचे कारण नाही.

कलम सहावे, माझ्या देहाविषयी. वर्तमानपत्रात बातमी देऊ नये. चर्चमध्ये घंटा, फुले, जेवण काही नको. माझे दहन दूर, ॲबिलीनला करावे. राख लव्हॉन्डाने शेडमध्ये ठेवावी. ट्वायलाच्या शेजारची जागा माझी आहे, पण गारलंड पोग जिवंत असेपर्यंत तिथे माती उकरू नये. तो आधी. मग मी.

आणि मोटारीची अट. लव्हॉन्डाने रोज सकाळी माझी हिरवी मोटार त्याच्या न्याहारीच्या जागेसमोर, त्याला काचेतून दिसेल अशी, उभी करावी. उतरायची गरज नाही. कधी दुपारी त्याच्या फाटकापाशीही थांबवावी. कोणी विचारले तर मावशी... पुन्हा चुकले, आत्या बरी आहे, म्हणावे. हे मृत्युपत्र कोर्टात दाखल झाले की कोणालाही वाचता येते, असे प्रुएट सांगतात. दाखल करायला सवड असते असेही ते सांगतात. ती सगळी सवड वापरावी, निदान तोवर मी गेल्याचे त्याला कळू नये.

लव्हॉन्डाला मी हे वाचून दाखवले. तिने कागद माझ्या हातातून घेऊन मोटारीची अट पुन्हा वाचली. मग म्हणाली, "आत्या, तो आणखी वीस वर्षं जगला तर?"

"त्याच्या वडिलांच्या घराण्यात लोक नव्वदी गाठतात," मी म्हटले. "मोटारीचं तेल वेळेवर बदलत जा."

ती म्हणाली, बदलीन.

शेवटची एक गोष्ट, सह्या होण्याआधी. साक्षीदार म्हणून मार्व्हेल आत्ता आली आहे, अंगावर अजून खानावळीचा एप्रन आहे. दुखणे वाढल्यामुळे मी या आठवड्यात बाहेर पडलेले नाही. ती सांगते, गारलंड रोज येतो, माझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघतो आणि खात नाही. काल त्याने पाठ भिंतीला लावून बसायला टेबल मागितले. आज तिच्या दंडाला धरून विचारले, "ती कुठंय, मार्व्हेल? समोर नसली की मला कळतच नाही ती कुठनं येईल."

"काय सांगू त्याला?" मार्व्हेलने मला विचारले.

मी म्हटले, "सांग, चष्म्याचा नंबर बदलायला गेली होती. आता लांबचं स्वच्छ दिसायला लागलंय."

हे सर्व मी शुद्धीत, खुशीने आणि दुसरी कॉफी पिऊन झाल्यावर लिहिले आहे. खाली माझी सही.

(सही) नेडीन ओपल थ्रॅशर

वरील बाईंनी आमच्यादेखत सही केली. त्या वेळी त्यांचे भान पूर्ण ठिकाणावर होते. आम्हाला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.

साक्षीदार १: (सही) मार्व्हेल टब्ज, खानावळ चालक
साक्षीदार २: (सही) इग्नासिओ बेरेन, औषध दुकानदार

स्थळ: सॉरेल फ्लॅट, टेक्सास
दिनांक: ९ नोव्हेंबर २०१७