पाळकसाहेबांची काळी पिशवी

प्रिय ताईस,

धाकट्याचा प्रभूमध्ये सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला? (तो बरा नसणारच, पण विचारायला हवं.) माझं म्हणशील तर तोंड शाबूत आहे, बाकी सगळं अंथरुणावर. हृदय दमलंय म्हणे. डॉक्टरांनी जिना बंद केला, त्याबरोबर चर्चही बंद झालं. चाळीस वर्षं ज्याने एक रविवार चुकवला नाही (लग्नाच्या दुसऱ्या दिवशीही गेलो होतो, बायको त्यावरून अजून ऐकवते), त्याचे पाच महिने घरात गेले. इतके दिवस तोंड न दाखवणाऱ्याला वर कोणी ओळखेल का?

त्यात मी पडलो सुतार. खुर्च्या-टेबलांबरोबर शवपेट्याही केल्या, आणि त्यातून एक गोष्ट मला पक्की कळली होती. पाळकसाहेब छोटी काळी पिशवी घेऊन, म्हणजे प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घेऊन, एखाद्या आजाऱ्याकडे गेले की तीन-चार दिवसांत त्या घरून माझ्याकडे माप यायचं. पिशवी दिसली की मी फळ्या काढून ठेवत असे.

गेल्या सोमवारी जावई आला (दुकान आता तोच बघतो) आणि काही न बोलता टेप काढून माझे खांदे मोजू लागला. ताई, पेटीसाठी आधी खांदेच मोजतात! मी टेप हिसकावून उशीखाली घातला. आणि गुरुवारी खिडकीतून पाहतो तर पाळकसाहेब येतायत, हातात पिशवी. मी घरी नाही म्हणून सांग, असं मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, “पाच महिने हलला नाहीत, आज कुठे गेलात म्हणून सांगू?” मग मी लेंग्यावरच पँट चढवली, हातात रंधा घेतला आणि धडधाकट माणसासारखा खुर्चीत बसलो. ते आत आले, मी सलाम करायला उठलो आणि थेट त्यांच्या अंगावर कोसळलो.

त्यांनी मला उचलून पलंगावर ठेवलं. मी रडलो, लाज न बाळगता रडलो, आणि टेप, पिशवी, चुकलेले रविवार, सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, “अहो, तुमच्यासारखेच सगळे पिशवीला घाबरतात, म्हणून मला अगदी शेवटी बोलावतात!” मग म्हणाले, “तुम्ही इतक्या पेट्या केल्या. त्यातला कोण स्वतःच्या पायांनी चर्चमध्ये आला होता? सगळ्यांना उचलूनच आणलं ना? प्रभूही चालत येणाऱ्यांनाच घेतो, असं तुम्हाला कोणी सांगितलं?” मग आम्ही भाकर घेतली, प्याला घेतला.

जावयाचं माप पाठ टेकायच्या फळीसाठी होतं. तिलाच टेकून हे लिहितोय. (सांधा ढिला आहे, पण बोललो नाही.) आता भीती अजिबात नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. शेवटचं वाक्य खोटं आहे. रविवारी घंटा झाली की मीच सगळ्यांना चर्चला पिटाळतो आणि मग रिकाम्या घरात घाबरून पडून राहतो. लहानपणी कान धरून तू मला जी प्रार्थना शिकवलीस, ती दुसऱ्या ओळीनंतर आठवतच नाही. चाळीस वर्षं इतरांच्या आवाजात आवाज मिसळून निभावलं, आता पाळकसाहेबांना कुठल्या तोंडाने विचारू? एक रविवार तुझं चर्च चुकव आणि माझ्याकडे ये.

आणखी एक. तुझी ती काळी पर्स आणू नकोस. आणलीसच तर खालूनच मला हाक मार, म्हणजे तूच आलीस हे कळेल.