गुडघे टेकलेला म्हातारा

सप्टेंबर, महिन्याच्या मध्यावरच्या इड्सच्या आधी आठवा दिवस

शेवटी त्याला आणलाच! नुकत्याच जिंकलेल्या डेशियाचा म्हातारा सरदार, मुकात्रा. पायात साखळी; काम होईतो मुक्काम माझ्या कारखान्यातच. विजयाच्या मिरवणुकीत साऱ्या रोमने ज्याच्यावर सडके कांदे फेकले, तोच. विजयकमानीसाठीच्या माझ्या दगडात तो सम्राटापुढे गुडघे टेकणार, सम्राट हात पुढे करून क्षमा करणार. देखरेखीवरचा फॅव्हेंटिनस बजावून गेला — "अड्रास्टोस, सगळा अर्थ त्या हातात आहे. शरण आलेल्याला रोम जपतो! इड्सच्या आत चेहरा पुरा कर. त्या दिवशी आखाड्यात खेळ आहेत, म्हातारा सिंहांना द्यायचाय."

दगडात क्षमा, वाळूत सिंह. वा रे न्याय!

सहावा दिवस

म्हातारा बोलतो! व्यापाऱ्यांकडून शिकलेलं मोडकंतोडकं लॅटिन. माझं काम बघून म्हणाला, "टोपी चुकली. असली टोपी आमच्यात कुणी घालत नाही."

वीस वर्षं शरण आलेली माणसं कोरतोय. एकानेही आजवर चूक काढली नव्हती. राग आला. मग टोपी सुधारली.

पाचवा दिवस

छिन्नी चालेना. हा माणूस इड्सला मरणार, आणि मी त्याच्या भुवया मोजतोय! माझा बापही असाच साखळीतून इथे आला. त्याच्यासाठी कुणी बोट उचललं नाही.

एक युक्ती सुचलीय. अंगाशी आली तर सिंहांना एक घास जास्त.

चौथा दिवस

असल्या शिल्पात शत्रूला दाढी कोरली की भागतं. मी मात्र हुबेहूब त्यालाच उतरवला — मोडकं नाक, फाटका कान, कपाळावरचा व्रण. फॅव्हेंटिनस खूश! मग मी साळसूदपणे विचारलं, "मालक, इड्सला लोक याला सिंहाच्या तोंडी बघणार. नंतर कमानीखाली येऊन म्हणतील, क्षमा केलेला तो हाच ना?"

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "बदल चेहरा!"

"दगड आहे मालक, कणीक नाही. कापलेलं परत लागत नाही."

तो महालाकडे धावला.

तिसरा दिवस

उत्तर नाही. कारखान्याच्या दारावर दोन शिपाई. त्याच्यासाठी की माझ्यासाठी?

इड्सचा आदला दिवस

जिंकलो! क्षमा खरी झाली. म्हातारा जगणार! उद्या साखळी तोडणार.

धावत जाऊन त्याला सांगितलं. त्याने दगडाकडे बोट केलं. "आणि तो? तो किती वर्षं गुडघ्यांवर?"

"हजार वर्षं तरी!" मी छाती फुगवून म्हणालो.

त्याने पाठ फिरवली. आनंदाश्रू लपवत असेल.

इड्स

सकाळी आलो. दगडातल्या म्हाताऱ्याला चेहरा नाही, गुडघे नाहीत. सम्राटाचा हात जमिनीवर, तुकडे तुकडे. रात्रीच्या शिपायांना वाटलं असेल, आतमध्ये मीच ठोकतोय. म्हातारा माझा हातोडा घेऊन ताठ उभा. त्याला काय हवंय, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

"शिपायांना हाक मार, कारागीर. मी केलं म्हणून सांग."

हाक अजून मारलेली नाही. आधी हे लिहितोय.