गव्हासारखं दिसणारं तण

आई, पाया पडतो.

आठ दिवस पत्र टाळलं. फोनवर तू रडतेस आणि मी अर्धं विसरतो, म्हणून आज बसलोच. बाबा दोन पोळ्या खातात. इथला दवाखान्यातला चहा पाणचट आहे, नर्सबाई मात्र मलकापूरच्या निघाल्या. हरभऱ्याला घाटे धरले का?

तू विचारलं होतंस, एवढा धट्टाकट्टा माणूस, त्याचं अंग लढलं काऊन नाही? मी डॉक्टरांना विचारलं. रक्तात राखणदार पेशी असतात, त्या बिघडलेल्या पेशींना रोज मारतात. बाबांच्याही लढल्या. पण निंदताना गव्हासारखं दिसणारं तण तुझ्याही हातून सुटतं ना, तसंच हे. कॅन्सरची गाठ ‘मी घरचीच’ अशी खूण दाखवते आणि राखणदार थांबतात. सलाईनमधलं नवं औषध ती खूण झाकतं. सगळ्यांना लागू पडत नाही, काहींना पडतं.

बाबा मात्र सकाळपासून सुई टोचू देत नाहीत. म्हणतात, “अंगच बेइमान झालं, मले घरी ने बे.”

थांब, दारात शालूआत्या उभी आहे. चिखलीहून एकटीच आली. बाबांना म्हणतेय, “मी म्हातारी येस्टीनं आली, अन् तुले एक सुई सोसत नाही रे?”

बाबांनी बाही वर केली आहे.

तुझा,
गोविंदा