मऊ पडत चाललेला डोंगर

भनपुरी, रायपूर

प्रिय चित्राताई,

दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. तुझा आवाज ऐकला की मला बोलवणार नाही, म्हणून लिहिते.

बाबांना आणायला कोरब्याला गेले होते. आई गेल्यापासून ते त्या डोंगराखालच्या पाऱ्यातच, त्या वस्तीतच राहतात. खाणीत कोळशावरचा दगड काढून टाकला, त्याचा हा डोंगर. बाबांनीच डंपर चालवून तो रचला. मग वर माती पसरून झाडं लावली, आणि जमिनी गेलेली माणसं पायथ्याशी वसली. बाबांनीच त्यांना सांगितलं होतं, मनापासून, की दगड जितका जुना तितका पक्का बसतो.

यंदा उतारावर भेग पडली. तिथले दगड तपासायला आमच्याच लॅबमध्ये आले. ताजा असताना हा दगड हातोड्याला दाद देत नाही. पण वर्षानुवर्षं भिजून-वाळून आतून सुटत जातो, त्याची माती होते. वर झाडं हिरवीगार, आत जोर उरलेला नाही. आम्ही खाणीच्या कंपनीला कळवलं. वस्तीसाठी दुसरी जागा बघून राहिलो, एवढंच उत्तर आलं.

बाबा ऐकेनात. म्हणून त्यांच्या अंगणात मी एक दगड बादलीत भिजवला, उन्हात वाळवला, पुन्हा भिजवला. शेवटी त्यांनी बादलीत हात घातला तर मुठीत चिखल आला. मला वाटलं, आता निघतील. त्यांची बॅग मी भरून ठेवली होती. ते कितीतरी वेळ हात धूत राहिले. मग म्हणाले, "अपर्णा, या लोकायले इथं राहा म्हणून मीच म्हटलं होतं. आता मी कसा येऊ?"

सगळ्यांनाच घेऊन चला, म्हटलं.

"कुठं?"

 हाच प्रश्न घेऊन मी ज्या-ज्या ऑफिसात गेले, तिथं कोणाला जागा सांगता आली नाही.

पावसाळा तोंडावर आहे. मी सुट्टी टाकून बाबांकडे राहायला जाते आहे. माझ्या जाण्यानं डोंगर थांबणार नाही, हे मला कोणी सांगायला नको. पण इथं बसवत नाही. ज्ञानदाला मात्र तिथं नेणार नाही. शेजारच्या मंजिरीताई शनिवारी नागपूरला येताहेत, त्यांच्यासोबत तिला पाठवते. तिचे बाबा, निरंजन, गेल्यापासून ती मला सोडून कुठं राहिलेली नाही, पहिले काही दिवस तिला जवळ घेऊन झोप. विचारलं तर सांग, आई आजोबांना आणायला गेली आहे. आणि शाळा सुरू होईपर्यंत मी आले नाही, तर तिचं नाव तिकडेच घाल.

तुझीच,
अपू