लाल घोड्यांची टोपी मीच विणली

४ नोव्हेंबर, सोमवार
बस स्टॉपवर लायब्ररीतल्या हिलेवीने माझ्या टोपीकडे पाहिलं. निळ्या लोकरीवर लाल घोडे, खोगिरांवर फुलं, वर भोपळ्याच्या वेलाची वळणं. छान आहे, कुणी विणली, म्हणाली. मी म्हणालो, मी. टोपी परवाच चर्चच्या जुन्या वस्तूंच्या सेलमध्ये घेतली. पण विणकाम शिकायचा विचार गेल्या हिवाळ्यापासून मनात आहे. म्हणजे हे खोटं नाही. जरा लवकर सांगितलेलं खरं आहे.

५ नोव्हेंबर
हिलेवीने माझं नाव विणकाम मंडळात दिलं. दर गुरुवारी चार वाजता, चर्चचा हॉल, कॉफीसकट. तिच्यासह नऊ बायका आणि मी. संकल्प: परवापर्यंत विणकाम शिकणे. लाकूड कारखान्यात फळ्यांची प्रतवारी मी एका दिवसात शिकलो होतो.

६ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
सुया, लोकर, पुस्तक तयार. पुस्तकात शुद्धलेखनाची एक चूक सापडली. पेन्सिलीने दुरुस्त केली. टाके: अकरा.
संध्याकाळी. टाके: सात. चार कुठे गेले कळत नाही. सुया निसरड्या आहेत.

७ नोव्हेंबर, गुरुवार
डाव्या अंगठ्याला बँडेज बांधून गेलो. कारखान्यात लागलं, आज विणता येणार नाही, असं सांगितलं. लागू शकलं असतं. गुनवर नावाच्या म्हाताऱ्या बाईंनी टोपी घेतली, उलटी केली, आतले धागे पाहिले. बराच वेळ पाहिले. म्हणाल्या, आतून किती नीट आहे रे पोरा, मागचा धागा किती टाक्यांवर अडकवलास? मी म्हणालो, गरजेप्रमाणे. हिलेवीला दालचिनीचा बन खाताना ठसका लागला.

१० नोव्हेंबर, रविवार
सोळा ओळी. घोडा अजून दिसत नाही. पाय असावेत. आईने विचारलं, पायमोजा का? म्हटलं, टोपी. म्हणाली, मांजराची?

१४ नोव्हेंबर, गुरुवार
बँडेज उजव्या अंगठ्याला बांधलं. गेल्या वेळी डाव्याला होतं, हे घरी आल्यावर आठवलं.
गुनवर म्हणाल्या, माझ्या नवऱ्याची, रग्नवाल्डची, अशीच टोपी होती, मीच विणलेली. तो गेल्यावर पोरींनी कपाट आवरलं, पिशव्या चर्चला दिल्या. मी विचारायला गेले तोवर विकली गेली होती. मग मला म्हणाल्या, तुला येतं ना, मला एक विणून दे. सगळ्यांच्या सुया थांबल्या. मी म्हणालो, ऑर्डरी बऱ्याच आहेत.
लाज वाटली. नोंद करून ठेवतो.

१५ नोव्हेंबर
टोपी न घालता कामावर. उणे नऊ. कान बधिर.
संकल्प: टोपी परत करणे. अडचण: मग ती मी विणली नाही हे कळेल. उपाय: गुनवरसाठी नवी विणली असं सांगायचं. टोपी जिची तिला मिळेल, माझा शब्दही राहील. हे प्रामाणिकपणाच्या अगदी जवळ आहे.

२१ नोव्हेंबर, गुरुवार
टोपी कोऱ्या कागदात बांधून दिली. नवी आहे म्हणालो. गुनवर यांनी ती नाकाशी धरली. मग म्हणाल्या, रग्नवाल्डच्या पाइपचा वास नव्या लोकरीत कसा विणतात, तेवढं दाखव बाबा.
कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.
हिलेवी म्हणाली, सेलच्या टेबलावर ती टोपी मीच मांडली होती. बस स्टॉपवर तुझ्याशी बोलायला निमित्त हवं होतं, म्हणून विचारलं. तू थाप मारलीस, मला गंमत वाटली, मंडळात नाव दिलं. वाटलं, पहिल्याच दिवशी कबूल करशील, आपण हसू. पण ह्यांनी नवऱ्याचं सांगितलं, तरीही तू गप्प.
नऊही जणींना माहीत होतं. अंगठ्याचंसुद्धा.
निमित्त हवं होतं, असं ती म्हणाली. होतं. आहे, असं नाही म्हणाली.

२८ नोव्हेंबर, गुरुवार
जाणार नव्हतो. गुनवर यांनी कारखान्यात फोन केला, लोकरीच्या लड्या आल्यात, माणूस लागेल. गेलो. त्यांनी मला स्टुलावर बसवून दोन्ही हात पुढे करायला लावले आणि त्यांवर लड चढवली. समोर बसून हिलेवी गुंडा करत होती. सव्वा तास, अकरा लड्या. माझे हात खाली आले की ती एवढंच म्हणायची, वर. मी प्रत्येक वेळी वर केले.