बॅटरीला एकशे चार ताप

खर्डा, १३ फेब्रुवारी १९७२

ती. मच्छिंद्रदाजींना गहिनीनाथचा साष्टांग नमस्कार. ताईची कंबर, भाच्याचा खोकला आणि तुमचा राग ही तिन्ही दुखणी उतारावर असतील अशी आशा. इकडे माणसं ठणठणीत आहेत. आजारी आहे ती तुमची बॅटरी.

दाजी, घाबरू नका, सगळं नीट सांगतो! गुरुवारी आपल्या धाकट्या बहिणीचं, रतनचं लग्न. गावात अजून वीज नाही, आणि नवरदेवाकडचे अडून बसलेत की मंगलाष्टका लाऊडस्पीकरवर झाल्या नाहीत तर वऱ्हाड मांडवात पाऊल ठेवणार नाही. म्हणून तुम्ही सेट दिलात (देव तुमचं भलं करो) आणि बजावलंत, गाणी लावताना बॅटरी किती तापते त्याचा अंदाज घेत जा. काल लावून बघितला. तासाभराने वडिलांनी हात लावला, म्हणाले तव्यासारखी तापलीय. आईने लावला, म्हणाली कोमट. (आई निखारा हाताने उचलते, तिचं काय धरायचं?) आणि मला एकदम सुचलं, अहो काय सुचलं म्हणून सांगू! शेजारच्या गोजरबाई नगरला दवाखान्यात वीस वर्षं आया होत्या, त्यांच्याकडे थर्मामीटर आहे! त्यांनी बॅटरीची काख शोधली (पेटी आणि उचलायचा पट्टा यांच्यामधली फट) आणि दोन मिनिटं थर्मामीटर तिथे धरला. एकशे चार!

"आरं, लई ताप हाय! झटके येतील हिला, मिठाच्या पान्याच्या पट्ट्या ठिव!" वीस वर्षांच्या अनुभवापुढे मी कोण बोलणारा? आईने लग्नातला नवाकोरा पंचा फाडला, मूठभर मीठ कालवलं आणि बॅटरीच्या कपाळावर ओल्या घड्या घातल्या. उरलेलं मीठपाणी बुचं काढून पाजलंसुद्धा. लगेच चरचरलं, फेस आला. गोजरबाई म्हणाल्या, घाम फुटला, आता उतरणार. आणि खरंच उतरला, दाजी! गाणं अर्ध्यात बंद पडलं, बॅटरी गार झाली, ती तेव्हापासून हूं की चूं करत नाही.

ताईला नमस्कार, भाच्याला पापा.

तुमचा शहाणा मेहुणा,
गहिनीनाथ

ता.क. बुधवारच्या एसटीने केडगावहून दुसरी बॅटरी घेऊन स्वतःच या. रागवायचं ते अक्षता पडल्यावर, हवं तर लाऊडस्पीकरवरून रागवा.

आणखी ता.क. आत्ता गंमत म्हणून त्या थंडगार बॅटरीला पुन्हा थर्मामीटर लावला. अजून एकशे चारच! गोजरबाई म्हणतात, परवा पोस्टमन काकासाहेबांचा ताप बघितला, तेव्हापासून पारा झटकायचा राहिलाच. म्हणजे ताप काकासाहेबांना होता, दाजी, आणि उपचार झाले तुमच्या बॅटरीवर.