सरळ बोटांची मादी

आण्णा, परवा चुलत्यांचा फोन आला. मी इथं कच्छात पोकलेनच्या केबिनमध्ये बसलेलो, लोखंड नुसतं तापलेलं. ते म्हणाले, "नारायणगावात आमदारसाहेबांनी सत्कार ठेवलाय, नरभक्षक पकडणाऱ्यांचा. बॅनरवर तुझ्या बापाचा फोटो हाय, पिंजऱ्याशेजारचा. तू ये, शाल घे. फॉरेस्टात चिकटवतो म्हणालेत तुला." मी म्हणालो, "ती मादी नरभक्षक नव्हतीच. आण्णांनी तवाच सांगितलं व्हतं." "अरं, मेलेल्या माणसाला काय फरक पडतोय?" "मला पडतो," म्हणालो आणि फोन ठेवला.

तुम्हाला आठवत असेल, पिंपळवंडीकडच्या वस्तीवरून बिबट्यानं लेकरू उचललं तेव्हा उसाच्या बांधावर पहिले तुम्ही पोचला होता. ठसा उतरवायला काच नव्हती, म्हणून घरी येऊन लग्नाच्या फोटोची काढलीत. आई म्हणाली, "आता माझ्या तोंडावर धूळ बसू द्या." चिखलातल्या ठशावर ती काच धरून तुम्ही स्केचपेननं पंजा गिरवताय, मी शेजारी उभा आहे. "हे बघ, डावा पुढचा. एक बोट आत वळलंय. नर हाय, म्हातारा." तुम्ही रोजंदारीवरचे वनमजूर, पण ठसा तुमच्याइतका कुणाला कळत नव्हता. साहेबांनी मात्र सभेत सांगून टाकलं होतं, आठ दिवसांत पकडून दाखवतो. निवडणूक तोंडावर होती.

सातव्या दिवशी पिंजऱ्यात मादी सापडली. गुलाल उधळला, फोटो निघाले. तुम्हाला हाताला धरून मधे उभं केलं. मग रेस्ट हाऊसवर कागद पुढं आला, की हाच तो नरभक्षक. तुम्ही म्हणालात, "सायेब, हिची चारी बोटं सरळ हायेत." साहेब हसले. "काय राव, आता बिबट्याच्या बोटाला शाई लावून मत घेता का?" सगळे हसले. "शाई मी लावलीया," तुम्ही म्हणालात, "काचेवर. उद्या आणून दावतो." रेंजरनं तुम्हाला बाजूला घेतलं. कायम होणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव आहे, आणि यादी साहेबांच्या शब्दावर आहे, एवढंच बोलला.

दुसऱ्या दिवशी काच फुटलेली होती. मोरीच्या मागं तुकडे. सकाळीच साहेबांचा ड्रायव्हर तुम्हाला न्यायला येऊन गेला होता, तुम्ही त्याच्यावर संशय धरलात. रिकाम्या हातानं रेस्ट हाऊसला गेलात आणि तेच बोललात. सही केली नाही. सोमवारपासून कामावर येऊ नका म्हणाले. मादीला लांबच्या जंगलात नेऊन सोडलं. पंधरा दिवसांनी येडगावच्या बाजूला गवत कापणाऱ्या बाईवर झडप पडली. चिखलात तसाच पंजा, बोट आत वळलेलं. तुम्ही तेव्हा टोमॅटोच्या बाजारात क्रेट उचलत होता. कुणी विचारायला आलं नाही. अजून आलेलं नाही, आलंय ते शालीचं आमंत्रण.

बिबट्या कोणता, हे सभेत ठरत नसतं. मी सातवी नापास, पण एवढं मला कळतं. मी जाणार आहे आण्णा, सत्काराला. शाल घेणार नाही, माईक घेणार आहे. सांगणार की माझ्या बापानं त्या कागदावर सही केली नव्हती, तर त्याचा फोटो खाली उतरवा.

साहेब विचारणार, पुरावा काय? काच कुठंय?

त्या ड्रायव्हरशी तुम्ही मरेपर्यंत बोलला नाहीत. बाजारात तो "भाऊ, भाऊ" करत मागं यायचा, तुम्ही मान वळवायचा. त्यानं नव्हती फोडली. मी फोडली. सोळा वर्षांचा होतो, मला वाटलं, काच नसली की तुम्ही सही कराल, कायम व्हाल, आई हसेल. तुकडे टाकताना अंगठा कापला होता. तुम्हीच चिंधी बांधलीत आणि विचारलंसुद्धा नाही.

हा कागद केबिनमध्येच राहील. माईकवर सांगेन सगळ्या गावाला. तुमच्या तोंडावर सांगायला मला सहा वर्षं मिळाली होती, तेवढं झालं नाही.